दागिन्याखाली घडवणाऱ्याचं नाव छापा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत सणावाराला दागिन्यांची पानं निघतात. सोन्याचा भाव असतो, नव्या डिझाइनचे फोटो असतात. घडवणाऱ्याचा उल्लेख मात्र कधी दिसत नाही. मी तीस वर्षं सांगलीत घडणीचं काम करतो, म्हणून हे टोचतं.

परवा मुलीने हाँगकाँगचे रत्नशिल्पी वॉलेस चॅन यांचं काम दाखवलं. जन्म १९५६ चा. गरिबीमुळे शाळा तेराव्या वर्षी सुटली, १९७३ मध्ये खडे कोरायला बसले. म्हणजे आमच्यातलेच. एकात एक प्रतिमा मिसळलेलं छायाचित्र त्यांनी पाहिलं आणि तेच खड्यात आणायचं मनावर घेतलं. खड्याच्या पाठीमागून एकच चेहरा उलटा कोरायचा, पैलू असे पाडायचे की समोरून अनेक चेहरे दिसावेत! खडा तापून तडकू नये म्हणून कोरायचं पाण्याखाली. पाण्यात नीट दिसत नाही. जरा कोरायचं, बाहेर काढून पुसून बघायचं, पुन्हा बुडवायचं. दातांच्या डॉक्टरांच्या ड्रिलने भागेना, तेव्हा हत्यार स्वतः बनवायला शिकले. १९८७ मध्ये साधलं. त्या पद्धतीला आज ‘वॉलेस कट’ म्हणतात. पुढे टायटॅनियम हाताखाली यावं म्हणून त्यांनी आठ वर्षं घालवली.

हत्यार स्वतः करणं आमच्याकडेही होतं. बोरमाळेच्या मण्याचे ठसे माझ्या वडिलांनी हाताने कोरले होते. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठोकायच्या, डाख देऊन जोडायच्या, मग बारीक छिद्रातून लाख भरायची. लाख भरण्याआधी जोड नखाला लागला, तर तो मणी पुन्हा मुशीत जायचा. त्या माळा सांगली-मिरजेत किती गळ्यांत असतील! शिक्का दुकानाचा. दोन वर्षांमागे एका प्रदर्शनात माझ्या ठुशीला बक्षीस मिळालं, तेव्हाही नाव पेढीचंच पुकारलं. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

मिरजेचा तंबोरा कोणाच्या हातचा, हे गवई अभिमानाने सांगतात. मग ठुशीचं का नाही? दागिन्याचा फोटो छापाल तेव्हा खाली कारागिराचं नाव द्या. आज पेढ्यांच्या मागच्या खोल्यांत बंगालची मुलं राबतात, त्यांचंही द्या. दुकानदार आधी कां-कू करतील, पण वर्तमानपत्राने विचारलं तर सांगतील.

वडिलांचे ठसे पेटीत जपून ठेवलेत. आपला प्रतिनिधी आला तर त्याच्यासमोर बसून मणी घडवून दाखवीन.

आपला,
एक सुवर्णकारागीर, सांगली