आधी दाराला आतून कडी हवी

प्रति,
माननीय शिक्षण आयुक्त,
न्यू जर्सी राज्य

सादर नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीतून ते खुलं करते आहे ते आमच्यासारख्या घरांसाठी. आमच्याकडे मुलं शाळेतली गोष्ट आधी आजीला सांगतात, आणि शाळेकडून येणारी इंग्रजी चिठ्ठी आजीपर्यंत पोचतच नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. रोज सकाळी बस यायच्या आधी मुलगी त्यांच्याकडे खडीसाखरेचे दोन खडे मागायची आणि कोटाच्या खिशात टाकायची. नातीला आवडते म्हणून त्याही द्यायच्या. एकदा कोट धुवायला काढला तर खिशाचं अस्तर चिकटून बसलेलं. आठ-दहा खडे तसेच आत, एकही खाल्लेला नाही.

आजीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खोकला आला तर पाहिजे ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लॉकडाऊन ड्रिलमध्ये, म्हणजे वर्ग बंद करून लपायच्या तालमीत, दिवे बंद करतात. सगळ्यांनी कोपऱ्यात खाली बसायचं आणि अजिबात आवाज करायचा नाही. मागच्या वेळी एका मुलाला खोकला आला आणि सगळा वर्ग त्याच्याकडे बघायला लागला. "खरंच माणूस आला आणि मला खोकला आला तर सगळ्यांना कळेल." कोण माणूस, असं आजीने विचारलं. तिला मराठी शब्द माहीत नव्हता, तिने तो तिथल्या तिथे तयार केला: "बंदूकवाला." सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "पहिलीत हे शिकवतात?"

हो, शिकवतात, कारण राज्याचा कायदाच तसा आहे. न्यू जर्सीत २०१० पासून प्रत्येक शाळेत दर महिन्याला एक आगीचं ड्रिल आणि एक सुरक्षेचं ड्रिल घ्यावं लागतं. सुरक्षेच्या ड्रिलमध्ये वर्षातून किमान दोन लॉकडाऊनची आणि दोन बंदूक चालवणारा शाळेत शिरल्याची, म्हणजे 'अ‍ॅक्टिव्ह शूटर'ची. किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत तेरा वर्षं धरली तर माझी मुलगी शाळा संपेपर्यंत किमान ५२ वेळा गोळीबाराची तालीम करेल. यातलं प्रत्येक ड्रिल पाच-दहा मिनिटांचं असतं, हे मला माहीत आहे. त्या खडीसाखरेची काळजी मात्र ती रोज करत होती.

राज्याने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २०२२ च्या कायद्याने बरंच सुधारलं. मुलांना बळी पडल्याचं नाटक करायला लावायचं नाही, हे ड्रिल आहे आणि धोका नाही हे त्यांच्या वयाला समजेल असं सांगायचं, आणि त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत पालकांना लेखी कळवायचं. इतर ठिकाणी काय झालं ते पाहिलं की याची किंमत कळते. इंडियानात जानेवारी २०१९ मध्ये एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना भिंतीशी खाली बसवून प्लास्टिकच्या छर्‍यांनी मारलं गेलं, प्रशिक्षण म्हणून. फ्लोरिडात एका हायस्कूलमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये आगाऊ न सांगता ड्रिल घेतलं, आणि मुलांनी घरच्यांना निरोपाचे मेसेज पाठवले. आपल्याकडे असं होत नाही, याबद्दल मी आभारी आहे. पण आमच्या वर्गातही कोणी नाटक केलं नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे झालं, तरी ते खडे खिशात जमत गेले.

जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ३३ राज्यांतल्या ११४ शाळांच्या परिसरातलं सोशल मीडियावरचं बोलणं ड्रिलच्या आधी आणि नंतर ९० दिवस तपासलं. ताण आणि चिंतेच्या खुणा ४२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या, नैराश्याच्या ३९ टक्क्यांनी. हा अभ्यास बंदूक नियंत्रणाची मागणी करणाऱ्या संस्थेबरोबर झालेला आहे, तो तसाच वाचावा. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२० मध्ये खऱ्यासारखी भासणारी ड्रिल मुलांवर नकोत, असं स्पष्ट म्हटलं होतं.

यावर नेहमी आगीच्या ड्रिलचं उदाहरण दिलं जातं: तेही भीतीचंच असतं, पण जीव वाचवतं. मला हे उदाहरण मान्य आहे, फक्त ते पुरतं सांगावं. १ डिसेंबर १९५८ ला शिकागोच्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' शाळेत आग लागली. ९२ मुलं आणि तीन नन्स गेल्या. जिने उघडे होते, स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर मुलांना रांगेत बाहेर काढणं तर शिकवलंच, पण त्याच्याबरोबर जिने बंदिस्त झाले, दारं बदलली, अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडले गेले. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळाली, तिथेही चर्चा स्वयंपाकघराची, गवताच्या छपराची आणि अरुंद वाटेची झाली. आगीत मोठ्यांनी इमारत सुधारली आणि मुलांवर फक्त चालत बाहेर यायचं काम ठेवलं. गोळीबाराच्या बाबतीत आपण उलट्या टोकाने सुरुवात केली आहे.

कनेक्टिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेतल्या गोळीबाराचंच बघा. १४ डिसेंबर २०१२ ला सहा-सात वर्षांची २० मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. तिथल्या वर्गांची दारं फक्त बाहेरून, किल्लीने बंद होत. म्हणजे दार लावायला शिक्षिकेने आधी व्हरांड्यात यायचं, ज्या व्हरांड्यात हल्लेखोर बंदूक घेऊन उभा होता. मी शिकले त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सुद्धा दाराला आतून कडी होती. कनेक्टिकटने नेमलेल्या आयोगाने २०१५ च्या अहवालात हेच लिहिलं: कुलूप लावलेल्या वर्गाचं दार हल्लेखोराने फोडल्याचं उदाहरण त्यांच्यासमोर नाही, म्हणून प्रत्येक वर्ग आतून बंद करता आला पाहिजे.

आणि टेक्सासमधल्या उवाल्डे गावची प्राथमिक शाळा. २४ मे २०२२, १९ मुलं, दोन शिक्षिका. ३७६ पोलीस जमले, आणि हल्लेखोरापर्यंत पोचायला ७७ मिनिटं गेली. टेक्सासच्या विधिमंडळ समितीच्या अहवालात दोन गोष्टी आहेत, त्या मी दोनदा वाचल्या. वर्ग १११ चं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होतं, पण दुरुस्तीची लेखी मागणी कोणी केलीच नव्हती. दुसरी, सीमेवरच्या पाठलागांमुळे त्या शाळांमध्ये फेब्रुवारी ते मे या काळात जवळपास ५० वेळा इशारे दिले गेले होते, आणि लोकांची सावधगिरी त्यातून बोथट झाली होती. आवाज रोजचाच झाला की कान त्याला सरावतात, हे ड्रिलची संख्या ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ ला चार मुलं मारली गेली. मारणारा तिथलाच १५ वर्षांचा विद्यार्थी, म्हणजे दार लावणं, कोपऱ्यात बसणं हे सगळं त्यालाही शिकवलेलं. त्याच सकाळी एका शिक्षिकेला त्याच्या कागदावर बंदुकीचं चित्र दिसलं होतं. आईवडिलांना बोलावलं, ते त्याला घरी न नेता निघून गेले, दप्तर कोणी उघडलं नाही, मुलगा वर्गात परतला. बंदूक चारच दिवसांपूर्वी वडिलांनी आणलेली. राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ मधल्या शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास केला, त्यात बंदूक वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातूनच मिळाली होती.

इथे आम्हा पालकांचीही चूक मला मान्य करायची आहे. मुलीला मैत्रिणीकडे वाढदिवसाला पाठवताना केकमध्ये अंडं आहे का, घरात कुत्रा आहे का, हे आम्ही बिनधास्त विचारतो. "घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का" हे विचारायला जीभ रेटत नाही. मी हा प्रश्न पहिल्यांदा या मार्चमध्ये विचारला. समोरच्या बाईंनी अजिबात वाईट वाटून घेतलं नाही, उलट तिजोरी कुठे आहे ते सांगितलं.

तर माझं मागणं असं आहे. दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी 'अ‍ॅक्टिव्ह शूटर' ड्रिल बंद करा. त्यांना वर्षातून दोनदा लॉकडाऊन पुरे, तेही दिवे चालू ठेवून, "बाई सांगतील तिथे बसायचं" इतकंच शिकवून. सहा वर्षांच्या मुलीने खोकला दाबून धरणं हा सुरक्षेचा भाग असू शकत नाही. मोठ्यांची ड्रिल मात्र वाढवा, मुलं नसतील त्या दिवशी: कुलूप लावणं, अलार्मचं बटण दाबणं, रक्त थांबवणं, आणि एखाद्या मुलाच्या कागदावर तसं चित्र दिसलं तर पुढच्या दहा मिनिटांत कोणी काय करायचं. शाळेतून थेट पोलिसांना कळवणारा मूक अलार्म सक्तीचा करणारं आपलं राज्य २०१९ मध्ये देशात पहिलं होतं. तशीच प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक वर्गाचं दार आतून, किल्ली न शोधता बंद होतं का, याची तपासणी करा आणि किती दारं नादुरुस्त आहेत तो आकडा पालकांना सांगा. कुठल्या वर्गाचं ते सांगू नका, फक्त आकडा सांगा आणि दुरुस्तीची तारीख. कॅलिफोर्नियात शाळा दरवर्षी पालकांना घरातली बंदूक सुरक्षित ठेवण्याच्या कायदेशीर जबाबदारीबद्दल लेखी कळवतात. तसं पत्र आपल्याकडेही सप्टेंबरमध्ये दप्तरातून घरी यावं.

आणि ड्रिलची चिठ्ठी आदल्या दिवशी द्या. त्याच दिवशी दुपारी ती हातात पडते तेव्हा मूल आधीच घाबरून घरी आलेलं असतं. ती आमच्या भाषांमध्येही द्या: मराठी, गुजराती, तेलुगू, स्पॅनिश. दुपारी बसथांब्यावर उभी असते ती बहुतेक आजीच. आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या पाच पालकांनी तयारी दाखवली आहे. मजकूर पाठवा, आठवड्याच्या आत मराठी करून देऊ, विनामोबदला.

आपली,
पहिलीतल्या एका मुलीची आई