जीवाणूतल्या कड्याची गोष्ट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी आजारांवरच्या आपल्या पुरवणीत ‘जीवाणू परिस्थितीनुसार बदलतो’ असे एक वाक्य होते. तो बदलतो कसा, हे मात्र राहून गेले.

मी ठाण्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते. लॅक ओपेरॉन, म्हणजे जीवाणूतली जनुके चालू-बंद होण्याचे पाठ्यपुस्तकातले उदाहरण, शिकवून झाला की मुले धरून चालतात, जनुक चालू झाले, त्याची नक्कल म्हणजे आरएनए निघाला, म्हणजे प्रथिन होणारच. पण जीवाणू आरएनए निघाल्यावरही त्याला अडवतो. त्यासाठी त्याच्याकडे आरएनएला धरणारी खास प्रथिने असतात.

त्यातले एचएफक्यू नावाचे प्रथिन १९६८ साली ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूत सापडले, एका विषाणूला स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढताना लागणारे प्रथिन म्हणून. खरे मोठे काम पुढे कळले. फक्त १०२ अमिनो आम्लांची साखळी, आणि अशा सहा सारख्या साखळ्यांचे एक कडे. वर्गात मी सहा लाकडी मणी दोऱ्यात ओवून ते करते. एका बाजूला निळी लोकर, म्हणजे प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए. दुसऱ्या बाजूला लाल लोकर, म्हणजे छोटा नियामक आरएनए. कडे दोघांना जवळ आणते, त्यांची जोडी जुळते. लोह कमी पडले की ई. कोलायमध्ये आरवायएचबी नावाचा छोटा आरएनए असाच लोहखाऊ प्रथिनांच्या निरोपांना जाऊन चिकटतो आणि ते निरोप नष्ट होतात. असलेले लोह अत्यावश्यक कामांना उरते.

पटकीच्या जीवाणूतून एचएफक्यूचे जनुक काढले, तर उंदराच्या पिल्लांच्या आतड्यात त्याला नीट तळ ठोकता येत नाही. पावसाळी पुरवणीत याला जागा हवीच होती.

मला सर्वांत भिडते ती या कड्याची भाऊबंदकी. आपल्या पेशीत आरएनएची काटछाट करणाऱ्या यंत्रणेतही याच घराण्याची कडी आहेत. तिथे मणी सात, आणि सातही वेगवेगळे. आर्किया या आदिजीवांत बहुधा सात, पण एकसारखे. मूळ कडे एकाच प्रकारच्या मण्यांचे असावे. आपल्या वंशात त्या जनुकाच्या प्रती वाढल्या आणि प्रत्येक प्रत हळूहळू वेगळी झाली. हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

हा विषय मराठीत, चित्रासकट, एखाद्या रविवारी अर्धे पान द्यावा, ही कळकळीची विनंती. मण्यांच्या कड्याचा फोटो हवा असल्यास लगेच पाठवते.

आपली,
एक शिक्षिका, नौपाडा, ठाणे