आवाज भलत्या फलाटावर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आवाज येत नाही म्हणून सगळं परत इन्स्टॉल करायला निघाली आहेस, ते आधी थांबव. नवा मॉनिटर जोडला त्याच दिवशी आवाज गेला, असं तूच सांगितलंस. उत्तर बहुधा त्यातच आहे. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. मॉनिटर जोडला की कॉम्प्युटरला आवाजासाठी आणखी एक वाट दिसते आणि पुष्कळदा तो तीच धरतो. तुझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. म्हणजे आवाज बंद पडलेला नाही, भलत्या फलाटावर लागलाय.

तुझ्या लिनक्स मिंटच्या सेटिंगमध्ये साउंड उघड, आउटपुटची यादी बघ. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट निवडलेलं असेल तर त्याऐवजी अ‍ॅनालॉग किंवा लाइन आउट निवड आणि तिथलंच चाचणीचं बटण दाब. निम्म्या वेळा काम इथेच संपतं.

नाही संपलं तर पाव्हूकंट्रोल (pavucontrol) हा छोटा प्रोग्रॅम टाकून घे. मला तो फार आवडतो, कारण त्यात आवाज डोळ्यांनी दिसतो. एखादं गाणं लाव आणि प्लेबॅकच्या पानावर जा. ब्राउझरच्या नावाखालची पट्टी हलत असेल तर गाणं तिथवर पोचतंय, अडचण त्याच्या पुढे आहे. पट्टी निपचित असेल तर दोष ब्राउझरचा; टॅबवर उजवं क्लिक करून तो म्यूट झालाय का बघ. मग शेवटच्या कॉन्फिगरेशनच्या पानावर साउंडकार्डचं प्रोफाइल तपास. ते 'ऑफ' असलं किंवा तिथे नुसतंच एचडीएमआय निवडलेलं असलं, तर अ‍ॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स कर. डुप्लेक्स अशासाठी, की माइकही चालू राहतो.

आउटपुटमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे प्रोग्रॅमांचा आवाज साउंडकार्डापर्यंत पोचवणाऱ्या वरच्या थराला, पाइपवायरला, खालून कार्डच मिळत नाहीये. टर्मिनलमध्ये एप्ले (aplay), जागा सोडून मायनस लहान एल, असं टाक. कार्डांची यादी आली तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड सापडलंय. मग पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर या तिन्ही सेवा सिस्टिमसीटीएल (systemctl) या कमांडने पुन्हा सुरू कर. मात्र त्या तुझ्या युझरच्या सेवा आहेत: मायनस मायनस युझर लिही, अ‍ॅडमिनचे अधिकार देणारं सुडो लावू नकोस. यादीच रिकामी आली तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडतात ती सेटिंग) ऑनबोर्ड ऑडिओ बंद झालाय का ते बघ.

सगळं जागेवर असूनही स्पीकर गप्प असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer) टाक; त्यात कार्डाच्या आवाजाच्या पट्ट्या दिसतात. उघडल्यावर एकच पट्टी दिसेल, गोंधळू नकोस. एफ 6 दाबून खरं कार्ड निवड. पट्टीखालच्या चौकोनात एमएम म्हणजे म्यूट. एम दाबलं की ओओ होतं. मग उजव्या बाणाने जात राहा, बहुधा शेवटाकडे ऑटो-म्यूट मोड सापडेल. पुढच्या बाजूला हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप गप्प करणं हे त्याचं काम. कॅबिनेटचा पुढचा सॉकेट खराब झाला तर हेडफोन नसतानाही तो आहे असंच कार्ड समजतं, आणि माणूस दिवसभर ड्रायव्हर शोधत बसतो. ऑटो-म्यूट डिसेबल कर. त्याआधी स्पीकरची पिन मागच्या हिरव्या सॉकेटमध्येच आहे ना, तेही बघ. (हसू नकोस. आमच्या लॅबमध्ये निम्म्या तक्रारी पिनच्याच असतात.)

इंटरनेटवर उत्तरं शोधताना तारीख बघत जा. अल्सा, म्हणजे कर्नलमधला साउंडकार्ड चालवणारा भाग, 2003 च्या अखेरीस आलेल्या 2.6 कर्नलपासून आहे आणि अजूनही तेच खाली काम करतं, पण त्याच्या वरचा थर बदलत गेला. बरीच वर्षं तिथे पल्सऑडिओ होतं. मिंटने 2024 मध्ये, आवृत्ती 22 पासून पाइपवायर घेतलं. त्यामुळे 'पल्सऑडिओ काढून टाका' हा पंधरा वर्षांपूर्वीचा सल्ला आज पाळलास तर आहे तेही बिघडवशील. स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घालायला सांगणारेही भेटतील. त्याची गरज नाही. जो लॉगिन करतो त्याला कार्डाची परवानगी सिस्टिम स्वतःच देते.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लगेच ऐकून बघ. एवढं करूनही आवाज आला नाही तर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर त्याच्यावरून सुरू कर; त्यात मिंट इन्स्टॉल न करताच चालतं. त्यात आवाज आला तर कार्ड ठणठणीत आहे, दोष तुझ्या सेटिंगचा. मग टर्मिनलमध्ये इंक्सी (inxi), जागा सोडून मायनस कॅपिटल ए, टाकून जे दिसेल त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई

ता. क. मॉनिटर झोपून उठला की आवाज परत एचडीएमआयकडे पळत असेल तर पाव्हूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशनमध्ये एचडीएमआयचं कार्ड वेगळं दिसतंय का बघ. दिसलं तर त्याचं प्रोफाइल सरळ 'ऑफ' करून टाक. चित्राला काही होत नाही.