दात्याचे नाव छापा, घेणाऱ्याचा चेहरा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या जिल्हा पानावर एकाच साच्यातले फोटो येऊ लागतात. मध्ये वह्यांचा गठ्ठा धरलेली एखादी मुलगी, भोवती सात-आठ पाहुणे आणि त्या एका गठ्ठ्याला टेकलेले सगळ्यांचे हात. खाली ओळ, ‘गरजू विद्यार्थ्यांना शालेय साहित्याचे वाटप’. पाहुण्यांची नावे पदांसकट असतात. मुलीचे नाव नसते, पण चेहरा इतका स्वच्छ असतो की दुसऱ्या दिवशी वर्गात तिला कोणी ओळखणार नाही असे होणे शक्यच नाही.

यावर वाचकांत दोन तट पडतात. या हाताचे त्या हाताला कळू नये, हा एक. फोटोसाठी का होईना, वह्या तर मिळाल्या ना, हा दुसरा. मी गावातल्या एका वाचनालयाचा खजिनदार आहे. देणग्यांच्या पावत्या फाडण्यात बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे पहिल्या मताचा आदर करूनही मला ते व्यवहारात टिकणारे वाटत नाही. दिलेले दान चार लोकांना दिसावे ही इच्छा माणसाच्या हाडीमासी असते. अर्थशास्त्रज्ञांनी ती प्रयोगशाळेत अक्षरशः मोजली आहे.

त्यांचा सर्वांत साधा खेळ असा. एकाच्या हातात दहा डॉलर ठेवायचे आणि सांगायचे, दुसऱ्या एका अनोळखी माणसाला यातले हवे तेवढे दे, काहीच दिले नाहीस तरी चालेल. अशा शंभराहून अधिक प्रयोगांचा ताळेबंद क्रिस्टोफ एंगेल यांनी 2011 मध्ये मांडला. लोक सरासरीने 28 टक्क्यांच्या आसपास रक्कम देतात. वाचून बरे वाटते. पण त्याआधी, 2006 मध्ये, जेसन डेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळाला एक मागचे दार ठेवून पाहिले होते. वाटणी ठरवून झाल्यावर खेळणाऱ्याला विचारले, नऊ डॉलर घेऊन निघून जातोस का? असा काही खेळ होता हे समोरच्याला कळणारही नाही. दहाच्या दहा स्वतःकडे ठेवायची मुभा असताना चाळीसपैकी अकरा जणांनी नऊ घेऊन काढता पाय घेतला. एक डॉलर सोडला तो कोणाच्या तरी मनात आपण कंजूष ठरू नये म्हणून.

म्हणजे सगळा देखावाच का? तसेही नाही. मॅनफ्रेड मिलिन्स्की यांच्या गटाने 2002 मध्ये विद्यार्थ्यांना युनिसेफसाठी सर्वांदेखत देणगी देण्याची संधी दिली. ज्यांनी दिली त्यांना गटातल्या इतरांकडून जास्त पैसे मिळाले आणि प्रतिनिधी निवडताना मतेही त्यांच्याच पारड्यात पडली. आपल्याकडच्या कोणत्याही नगरसेवकाला हे शिकवावे लागणार नाही! मला जास्त मोलाचा वाटतो तो फेरलर आणि शेपिओर्का यांचा 2013 चा प्रयोग. दान देणाऱ्यावर लोक जास्त विश्वास टाकतात हे त्यात दिसलेच, पण पुढचीही गोष्ट तपासली गेली: तो माणूस त्या विश्वासाला जागतो का? उत्तर आले, दान देणारे इतरांपेक्षा जास्त जागले. दानावरून स्वभावाचा अंदाज बांधणे, निदान त्या खेळापुरते तरी, भाबडेपणाचे ठरले नाही.

मात्र यात एक अट आहे. पदरचे पैसे गेले पाहिजेत, आणि गेले हे दिसले पाहिजे. वह्यांच्या फोटोत नेमके हेच दिसत नाही. आठ हातांपैकी खिशात कोणता गेला होता? अनेकदा खर्च एखाद्या कंपनीचा असतो. ठरावीक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना तर आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करणे 2013 च्या कंपनी कायद्यानेच लावून दिले आहे. तिथे पाहुण्यांनी पुढे होऊन हात लावणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. फोटोत बाकी सगळे घेतात, किंमत मोजते ती फक्त मुलगी.

असे दान लोकांच्या नजरेतूनही उतरते. न्यूमन आणि केन यांनी 2014 मध्ये लोकांना एका तरुणाची गोष्ट सांगितली. एका मुलीवर छाप पाडण्यासाठी तो बेघरांच्या निवाऱ्यात सेवा करतो. दुसऱ्या गटाला सांगितले की त्याच हेतूने तो कॉफीच्या दुकानात काम करतो. लोकांनी निवाऱ्यातल्या तरुणाला जास्त वाईट ठरवले, जरी तिथे कोणाचे तरी भले झाले होते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे मदतीच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोंचे स्टिकर लागले, तेव्हा लोक का खवळले ते यावरून कळते. त्याच अभ्यासात असेही दिसले की, या माणसाने काहीच भले केले नसते तरी चालले असते, एवढी आठवण दिली की लोकांचा राग निवळतो. ‘वह्या तर मिळाल्या ना’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने एवढे मान्य करायला हवे.

मग करावे काय? विल्यम हार्बॉ यांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या एका कायदा महाविद्यालयाच्या देणग्या तपासल्या. तिथे देणगीदारांची नावे रकमेच्या गटांनुसार छापली जात. बऱ्याच देणग्या बरोब्बर गटाच्या खालच्या काठावर येऊन थांबलेल्या आढळल्या. आमच्या वाचनालयात फलकावर नाव लागण्यासाठी 5001 रुपयांची अट घातली, तेव्हापासून साडेचार हजारांची पावती क्वचितच फाडावी लागते. ‘नाव नीट लिहा हं, वडिलांचं आधी’ असे बजावून पैसे मोजणाऱ्यांच्या जोरावर आमचा संदर्भ विभाग उभा आहे. त्या फलकामुळे आजवर एकाही वाचकाला मान खाली घालावी लागलेली नाही.

तेव्हा आपल्याला विनंती अशी, की वाटपाचे फोटो घेणे थांबवावे आणि त्या जागी एक छोटी चौकट सुरू करावी: देणाऱ्याचे नाव, रक्कम, कोणत्या संस्थेला. रक्कम सांगायची तयारी नसेल तर बातमी नाही. पाहुण्यांची गर्दी आपोआप ओसरेल. ज्यांना नाव नको असेल त्यांच्यासाठी ‘एक हितचिंतक’ आहेच. आमच्या फलकावरही असे दोघे-तिघे आहेत, आणि त्यातला एक कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

आपला,
एक वाचक, जि. सांगली