जे पाठवता येत नाही

पुणे,
२ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले. "दर शनिवारी पेट्रोल जाळत कुठं उंडारतोस? इथं बंगळुरात मला सगळं घरपोच मिळतं, अगदी हुरडासुद्धा." याला मोबाइलवर दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून कागद काढला. शिवाय ड्रॉवरमध्ये शाईचं पेन सापडलं होतं, त्याचाही मोह झाला.

आधी तुझ्या हुरड्याचा निकाल लावतो. तुला मिळतो तो गोठवलेला. त्याला मी नावं ठेवत नाही, कारण गेल्या वर्षी मीही तोच खाल्ला, आणि तोसुद्धा शेतात बसून! शहराजवळच्या एका ठिकाणी 'हुरडा पार्टी'चं तिकीट काढून गेलो होतो. डीजे, उंटाची सफर, पनीरची भाजी, सगळं होतं. हुरडा मात्र एक पोऱ्या फ्रीजरमधल्या पिशवीतून काढून कढईत परतत होता. आजूबाजूला ज्वारीचं एक धाट दिसेना. सोबत आलेल्या अण्णांनी चार दाणे तोंडात टाकले आणि खिशातून बडीशेप काढली. परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही.

म्हणून यंदा संक्रांत झाल्यावर सरळ मंगळवेढा गाठलं. इंदापूर, पंढरपूर करत पाचेक तास लागतात. पंढरपूर सोडलं की रानाचा रंगच बदलतो. काळीभोर माती, बांधाला झाड क्वचित, आणि नजर जाईल तिथवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. सप्टेंबरच्या पावसाची ओल त्या मातीने धरून ठेवायची आणि तेवढ्यावर मालदांडीने, म्हणजे तिथल्या ज्वारीच्या वाणाने, थंडी काढायची, हा तिथला हिशोब. पाण्याच्या पाळ्या फारशा नाहीत, लाड नाहीत. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या गावाची खरी ओळख दामाजीपंतांची. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली करणारा माणूस तिथला. लहानपणी कीर्तनात ऐकलेलं हे आख्यान अण्णांनी गाडीत पुन्हा सांगितलं, आणि नेमकं विठू महाराच्या प्रवेशाला टायर पंक्चर झाला.

एका ओळखीच्या ओळखीतून ज्यांच्या रानात गेलो, त्यांनी मालदांडीच्या कडेला चार ओळी गुळभेंडीच्या टाकल्या होत्या, खास हुरड्यासाठी. गुळभेंडीचा दाणा कोंड्यातून पटकन सुटतो, मालदांडी जरा हट्टी. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर. त्याला आगटी म्हणतात. कणीस आरात खुपसायचं, फिरवायचं आणि फडक्यात धरून गरम असतानाच चोळायचं. चोळायचं काम घरच्या आजी करत होत्या. त्यांच्या हाताला चटका हा प्रकारच ठाऊक नसावा. मी एक कणीस चोळलं आणि मग दही आणायला जातो म्हणून उठलो.

बंड्या, तो दाणा हिरवा, गरम, धुरकट आणि गोड. सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा. मी पाण्याचा तांब्या उचलला तर आजींनी तो काढून घेतला. हुरड्यावर पाणी प्यायचं नसतं, ताक प्यायचं. निघताना मी म्हटलं, दहा कणसं बांधून द्या, घरी भाजतो. त्या हसल्या. "न्या की. पण उद्या हे हुरडा नसणार, नुसते दाणे असणार." दाणा चिकात असतो तोवर त्यात साखर असते. कणीस मोडलं की साखरेचं पिठूळ व्हायला लागतं, त्याला ना तुझा फ्रीज पुरा पडतो ना माझा. मी हट्टाने आणलीच. दुसऱ्या दिवशी गॅसवर भाजली. आजींचं बरोबर होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. जे प्रवास करू शकतं ते तुझ्यापर्यंत पोचतंच, त्यासाठी कशाला कोण जातंय? मी जातो ते ज्याला प्रवास झेपत नाही त्याच्यासाठी. ते येऊ शकत नाही, मग आपण जायचं. पुरंदरचं अंजीर घे. पिकलं की त्याची साल इतकी पातळ होते की टोपलीच्या तळाचं अंजीर वरच्यांच्या भारानेच फुटतं. म्हणून बाजारात पाठवायचं ते जरा आधी तोडतात, आणि झाडावरून उतरलेलं अंजीर पुढे मऊ होतं, गोड होत नाही. स्ट्रॉबेरीचीही तीच गत. गेल्या मार्चमध्ये दिवेघाट चढून गेलो आणि झाडाखाली उभं राहून अंजिरं खाल्ली तेव्हा कळलं की चाळीस वर्षं मी अंजीर म्हणून काहीतरी भलतंच खात होतो. ओठ मात्र चिकाने दोन दिवस चुरचुरले.

डिसेंबरात पुसेगावलाही गेलो होतो, सेवागिरी महाराजांच्या यात्रेला. ती खाण्याची जत्रा नव्हे, अण्णांची जत्रा. रथाला भाविकांनी नोटांच्या माळा बांधलेल्या, गर्दी म्हणजे गर्दी. पण त्यांना त्यात रस नव्हता, ते थेट बैलबाजारात. खिलार खोंडांची तोंडं उघडून 'दुसा, चौसा, जुळलेला' असं दातांवरून वय मोजत दोन तास हिंडले. एका व्यापाऱ्याने तर रुमाल टाकून त्यांच्याशी बोटांवर सौदा सुरू केला, आणि हे गृहस्थ, सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहणारे, रीतसर भाव पाडत होते! मी त्यांना हाताला धरून गोडीशेवेच्या पालावर नेलं. गुळाच्या पाकातली शेव, परातीतून निघाल्या निघाल्या. पाक अजून ओला असतो तेव्हा ती दातांना चिकटते, घरी आणली की खडखडते. पुन्हा तेच.

आणि परवाचं कोल्हापूर. हे जरा सविस्तर ऐक, कारण तू गुळाचा माणूस.

पहाटे पाचला पन्हाळ्याच्या बाजूला एका गुऱ्हाळावर पोचलो. धुक्यात आधी वास येतो, मग चुलवाणाचा उजेड दिसतो. काहिलीत उसाचा रस, खाली वाळलेली चिपाडं ढकलणारा जळव्या. रस तापला की भेंडीच्या झाडाचा ठेचून काढलेला बुळबुळीत रस घालतात. सगळी मळी त्याला धरून वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात. एका आधणाला अडीच-तीन तास. गुळव्या कुणाशी बोलत नाही, नुसता बुडबुडे बघतो. थोडी काकवी आधी काढून घेतली, बाकी रटरटत राहिलं. शेवटी त्याने पाण्याच्या वाटीत एक थेंब सोडला, बोटाने गोळी केली, काठावर टक् करून वाजवली आणि मान हलवली. क्षणात काहील उतरवून वाफ्यात ओतली. थर्मामीटर कुठंच नव्हता.

तो गूळ तांबूस काळपट होता. मी मालकांना विचारलं, दुकानात तर पिवळाधमक असतो. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला पिवळा आवडतो, मग हायड्रोस मारतात. आम्ही घरच्यासाठी असा करतो." हायड्रोस म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पावडर. घरच्यासाठी! मग विकायला वेगळा का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोवर त्यांनी उसाच्या कांडक्याने वाफ्यातला गरम गूळ खरवडून माझ्या हातावर ठेवला होता, वर मूठभर शेंगदाणे. माझी तत्त्वं तिथंच विरघळली.

यात सगळं गोडच आहे असं समजू नकोस. कंबर धरते, बायको म्हणते रविवारी घर म्हणून काही असतं, आणि मंगळवेढ्याहून निघताना बांधावरच्या ओल्या पाटात गाडी अशी रुतली की काळ्या मातीने चाकांचे लाडू केले. चौघांनी ढकलली. बूट अजून गॅलरीत आहेत.

यापुढचा बेत असोद्याचा, बहिणाबाईंच्या माहेरचा. जळगावकडची ती पांढुरकी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. मोसम उतरायला लागलाय, म्हणून तारीख पक्की केली: १४ तारखेचा शनिवार. तुला यायचं असेल तर शुक्रवारी रात्री पोच. पुढची सीट अण्णांची आहे, त्यावर वाद नको.

या पत्राबरोबर एक डबा पाठवतोय. त्यात परवाच्या गुळाची अर्धी ढेप आणि पाच किलो ज्वारी आहे. दळून पाठवली नाही, पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. तिकडं गिरणी शोध. हुरडा डब्यात नाही, तो शोधू नकोस.

तुझाच,
अण्णांचा ड्रायव्हर