मंत्रीमहोदय, त्या शौचालयाची किल्ली कुणाकडे असते?

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, तरी पाच मिनिटं काढून हे पत्र वाचावं ही विनंती. कोकणात या, असं सांगणाऱ्या सरकारी जाहिराती आम्ही लोकलमध्ये उभ्याने वाचतो. त्या वाचूनच मी गेल्या रविवारी आईला एका दिवसासाठी अलिबागला नेलं.

मी भांडुपला राहते. आठवड्यातले सहा दिवस नोकरी, त्यामुळे मुक्कामाला जाणं जमत नाही. आई ७२ वर्षांची आहे, तिला साखर आहे. तिचं माहेर अष्टागरातलं. लहानपण पोफळीच्या वाडीत गेलं. बाबा गेल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला एकदा चालत जाऊन येऊ आणि मग थोडा वेळ समुद्राकडे बघत बसू. किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, हा हिशेब तिला अजून तोंडपाठ आहे. रविवारी पंचमी होती. भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाला. आदल्या रात्री तिने हे मला बोटांवर मोजून दाखवलं, तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतात.

पहाटे निघालो. गेटवेहून मांडव्याला बोट, पुढे बस. दर्शन छान झालं. परतताना ओल्या वाळूत ती अनवाणी चालली. एक वाजता खानावळीत जेवलो, तिथे तिची सोय झाली. जेवणानंतरची गोळी घेताना ती ग्लासभर पाणी प्यायली. एरवी आमच्या घरातल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. ही सवय आम्हाला कुणी लावली, याचा विचार आपण कधी केला आहे का?

दुपारी जवळच्या एका किनाऱ्यावर गेलो. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तिथल्या एखाद्या गरीब सफाई कामगाराला नोटीस जाईल आणि विषय मिटेल. तिथे शौचालय आहे, रंगवलेलं आहे, भिंतीवर उद्घाटनाची कोनशिला आहे. दाराला कुलूप. शेजारच्या शहाळेवाल्याने सांगितलं, "किल्ली साहेबांकडे असते, साहेब रविवारी नसतात." रविवारी नसतात! मग पर्यटक काय मंगळवारी येतात?

मांडव्याला आलो तर संध्याकाळची आमची बोट जाणार नाही असं समजलं. का नाही, हे कुणी सांगितलं नाही. हातात परतीची तिकिटं, पैसे नंतर मिळतील एवढंच उत्तर. तिथेही शौचालयाची चौकशी केली. बोट नाही म्हणून सगळं बंद. अलिबागला येऊन धावत एसटी पकडली. एका मुलाने उठून आईला जागा दिली. कार्लेखिंडीच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. वडखळपर्यंतचा तो रस्ता संपता संपेना. बाहेर काळोख, उतरायला जागा नाही. आईने खिडकीची दांडी घट्ट धरली होती. तिने मला काही सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा तिच्या अबोली रंगाच्या इरकलीचा मागचा भाग ओला झाला होता आणि ती आपल्या रुमालाने सीट पुसत होती.

घरी आल्यावर ती साडी तिने स्वतः धुतली, मला हात लावू दिला नाही. "आता मला कुठे नेऊ नकोस," एवढंच म्हणाली. चार दिवस झाले, ती समुद्राचं नाव काढत नाही.

तुम्ही म्हणाल, वाहतुकीला मी काय करू. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेलं मूल आज माध्यमिक शाळेत आहे. रेवस-करंजा पूल आणि रेवस-रेडी सागरी मार्ग हे अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाचं स्वप्न, म्हणजे १९८० च्या आसपासचं. आई तेव्हा नवी नवरी होती. पूल होईल, मग माहेरी दोन तासांत जाशील, असं बाबा तिला सांगायचे. बाबा गेले. अटल सेतू झाला, २१.८ किलोमीटरचा, त्याचं मला कौतुक आहे. मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला. पण सेतू उतरल्यावर गाडीवाल्यालाही पुढे तेच पेण आणि तेच वडखळ. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्यासाठी काय केलंत?

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, मग जीवरक्षकांची चर्चा सुरू झाली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, मग प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट घालायला लावू लागले. आपल्याकडे माणूस मेल्याशिवाय काही हलत नाही. माझी आई जिवंत आहे, म्हणून तिची कुठे नोंद होणार नाही. तिच्यासारख्या किती बायका दर रविवारी ओठ घट्ट मिटून त्या रस्त्यावर बसलेल्या असतात, हे कुणी मोजत नाही. कारण मोजणाऱ्यांच्या मोटारी पुढे पायलट गाडी घेऊन जातात.

मला नवीन प्रकल्प नको. बांधलेली शौचालयं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, शेवटची गाडी सुटेपर्यंत उघडी ठेवा. तिथे पाणी आणि एक बाई कामाला असू द्या, आणि तिला पगार वेळेवर द्या. बोट रद्द झाली तर परतीच्या प्रवाशांना घरी पोचवण्याची जबाबदारी बोटवाल्यांवर टाका. वडखळच्या रस्त्यावर दोन ठिकाणी तरी बायकांना उतरता येईल अशी जागा करा.

आणि त्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, हे मला लेखी कळवा. मी ते उत्तर आईला वाचून दाखवणार आहे.

आपली,
भांडुपची एक मुलगी