धक्क्याला बांधलेला हिवाळा

ला पास, बाहा कॅलिफोर्निया सूर,
मेक्सिको.
जानेवारी

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "शिडाची बोट आहे, समोर समुद्र आहे, मग दोघं मरीनात धक्क्याला बांधून घेऊन का बसलात?" तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले आणि बोलणं राहिलं. याचं उत्तर फोनवर मावलंही नसतं, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

पहिलं कारण म्हणजे वारा. हिवाळ्यात अमेरिकेच्या वाळवंटी पठारावर हवेचा दाब वाढला की थंड, जड हवा दक्षिणेकडे निघते. एका बाजूला बाहाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोची मुख्य भूमी आणि मधे कोर्तेसचा चिंचोळा समुद्र. या पट्ट्यातून उत्तरेचा वारा एकदा सुटला की दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त, थांबत नाही. लोक त्याला नोर्ते म्हणतात. लाटा फार उंच नसतात, पण आखूड आणि उभ्या असतात. बोटीचं नाक एकीतून सावरतंय तोवर दुसरी आदळते. मरीनात अशा रात्री शेकडो दोर डोलकाठ्यांवर आपटत असतात. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला झोप लागली नव्हती, आता त्या आवाजातच लागते. नोर्ते असला की कुणी कुठे जात नाही. कधी निघायचं हे वारा ठरवतो, आणि साठी ओलांडल्यावर हे वेळापत्रक मला मनापासून मानवलं आहे.

हंगामही निसर्गानेच आखून दिलाय. या किनाऱ्यावर वादळांचा काळ मे महिन्याच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत धरतात. २०१४ च्या सप्टेंबरात ओडिल नावाचं चक्रीवादळ आलं, तेव्हा या खाडीत नांगरलेल्या कितीतरी बोटी बुडाल्या किंवा किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्या रात्रीबद्दल इथली जुनी माणसं अजून आवाज खाली आणून बोलतात. म्हणून बहुतेक बोटी थंडीच्या तोंडावर कॅलिफोर्नियातून खाली उतरतात आणि उन्हाळ्याआधी परततात, किंवा उत्तरेला ग्वायमासकडे जमिनीवर चढवून ठेवतात. आमचे हे निवांत महिने त्या दोहोंच्या मधले. दिवसा सुती सदरा पुरतो, रात्री गोधडी लागते.

दिवसभर करता काय, हाही तुझा प्रश्न होताच. सकाळी आठला रेडिओ लावतो. व्हीएचएफ, म्हणजे बोटींचा आपसात बोलायचा रेडिओ, त्याच्या २२ नंबर चॅनलवर सगळ्या बोटी एकत्र येतात. आधी विचारतात, कुणाला तातडीची वैद्यकीय मदत हवी आहे का. मग हवामान आणि भरती-ओहोटीच्या वेळा. मग कुणाकडे जादा पंप आहे, कुणाला जुनं शीड हवंय. परदेशी पाहुण्यांना इथे वस्तू विकायची परवानगी नसते, म्हणून अदलाबदल चालते आणि किंमत नारळांत सांगतात. शिरीषने बॅटरीच्या चार्जरसाठी नारळ ठरवले आणि बदल्यात त्या बोटीचं इंजिन दुपारभर बसून दुरुस्त करून दिलं. तो इतका खूश मी त्याला नोकरीत असताना कधी पाहिला नव्हता.

बाकी वेळ बोटच घेते. पाणबुड्या येऊन बुडाला चिकटलेले शंख-शिंपले खरवडतो आणि जस्ताचा तुकडा किती झिजलाय ते सांगतो. खाऱ्या पाण्यात तो तुकडा आधी झिजतो, म्हणून बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्याचा धातू वाचतो. वाळवंटातून धूळ येते, रात्री दव पडतं आणि सकाळी डेकवर चिखल असतो, तो धुवायचा. प्यायचं पाणी वीस लिटरच्या बाटल्यांतून आणायचं. आमची बोट ३४ फुटी आहे, त्यामुळे एक वस्तू काढायला तीन हलवाव्या लागतात. ही कामं संथपणे केली की सुख देतात, खरंच सांगते.

आता एक रात्र सांगते, म्हणजे मी इथे का रमले ते तुला कळेल. मरीनाच्या बाहेर, मोगोते नावाच्या वाळूच्या लांब दांड्यासमोर बऱ्याच बोटी नांगरलेल्या असतात. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार आहे. वारा एकीकडे ढकलतो, पाणी दुसरीकडे ओढतं आणि प्रत्येक बोट आपापल्या वजनाप्रमाणे वेगळी वळते. नाताळानंतरच्या नोर्तेत मध्यरात्री रेडिओवर हाक आली की एक बोट नांगर ओढत दुसऱ्यांच्या अंगावर चाललीय आणि तिचा मालक शहरात आहे. पाच मिनिटांत चार-पाच छोट्या होड्या विजेऱ्या घेऊन निघाल्या, त्यांत शिरीषही होता. कुणी चढून साखळी आणखी सोडली, कुणी दुसरा नांगर टाकला, बाकीच्यांनी होड्यांनी ती बोट वाऱ्यावर धरून ठेवली. शेजारची सत्तरीची कॅनेडियन बाई, जी एकटीच बोट चालवते, तिने परतलेल्या सगळ्यांना गरम कोको दिला. मी धक्क्यावर दोर झेलायला उभी होते. ती बोट कुणाची, हे विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं. पुण्यात आमच्या मजल्यावर वीस वर्षं राहूनही मला इतके शेजारी मिळाले नव्हते.

वारा पडला की मात्र निघतो. एस्पिरितु सांतो बेट उत्तरेला काही तासांवर आहे, लाल कडे आणि हिरवट निळं पाणी. कॅलिफोर्नियाच्या आखातातली, म्हणजे याच कोर्तेसच्या समुद्रातली, ही बेटं २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. दोन-चार रात्री तिथे काढायच्या, की पुन्हा बंदरात. खाडीतच व्हेल शार्क येतात, पण त्यांच्याजवळ परवाना असलेल्या नावेतून, वाटाड्यासोबतच जायचं. हा नियम मला फार आवडला.

खाणं तर विचारू नकोस. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून टोर्टिया करतात. दुकानातून किलोवर मोजून घ्यायच्या, कागदात गुंडाळलेल्या गरमागरम, अगदी तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारख्या. ६ जानेवारीला रोस्का नावाचा गोल गोड पाव कापला. त्यात बाळाची छोटी बाहुली लपवतात आणि ती ज्याच्या तुकड्यात येते त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे. ती माझ्या तुकड्यात आली! म्हणजे मक्याच्या सालीत गुंडाळलेले तमाले आता मला शिकायचे आहेत, आणि मी पानगी करणारी बाई असल्याने मला धीर आहे.

आमचे काही सोबती दक्षिणेला बार्रा दे नाविदादला गेले. १५६४ साली तिथूनच स्पॅनिश जहाजं फिलिपिन्सला निघाली, आणि पुढे १८१५ पर्यंत मनिला ते आकापुल्को अशी गलबतं चालली. आपला आंबा त्याच वाटेने इकडे पोचला. बाजारात आजही त्याला मनिला आंबा म्हणतात. लांबट, पिवळा, पातळ कोयीचा. त्याचा हंगाम आम्ही निघता निघता सुरू होईल.

तर सुलू, तू ये. फेब्रुवारीत ये, तेव्हा इथे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर कार्निव्हल असतो. तुझा अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. लॉस काबोसला उतर, तिथून बस मिळते. मोठी कडक बॅग आणू नकोस, बोटीत ठेवायला जागा नाही. घडी होणारी पिशवी आण. डेकवर डाग न पडणाऱ्या पांढऱ्या तळव्याच्या चपला आण, आणि थोडा गोडा मसाला. वहिनीचा नको, तुझ्या हातचा.

तुझी,
नलू